खर्जाची जबाबदारी

(स्मृती व्याख्यानमालेतील सप्रात्यक्षिक व्याख्यानाचा मुद्रित मजकूर)



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते गुरुजी तबलजी होते. त्यांना प्रत्यक्ष ऐकलेली बरीच मंडळी आज समोर दिसत आहेत. गुरुजींनी एकल तबलावादनाचे कार्यक्रम फारसे केले नाहीत. त्यांनी साथ केली. गवयाची केली, सतारियाची केली, उत्सवात कीर्तनकाराचीही केली. म्हणून 'यंदा तुमच्या वाद्यावर बोला' असे संयोजकांनी सुचवले, तेव्हा विषय शोधायला लांब जावे लागले नाही. मी बास गिटार वाजवतो. ऑर्केस्ट्राच्या मंचावर ड्रमच्या शेजारी, गायकाच्या मागे, लांब दांडीची चार तारांची गिटार घेऊन जो उभा असतो, तो मी. हे वाद्य जन्माला आले तेच साथीसाठी. माझे आजचे म्हणणे थोडक्यात असे, की गाण्याला अर्थ कोणता द्यायचा याचा निर्णय पुष्कळदा साथीदार घेतो. त्या निर्णयाची जबाबदारी त्याच्यावर असते, श्रेय मात्र क्वचितच त्याच्या वाट्याला येते.

बोलण्याआधी एक प्रयोग करू. मी सा देतो, तो तुम्ही सगळ्यांनी धरा. मी काहीही वाजवले तरी सोडू नका.

(श्रोत्यांनी षड्ज धरला. वक्त्यांनी त्याखाली बास गिटारवर अनुक्रमे षड्ज, शुद्ध धैवत आणि शुद्ध मध्यम वाजवले.)

तुमचा सूर जागचा हलला नाही, तरी तीन वेळा त्याचा रंग पालटला. पहिल्यांदा तो निवांत होता, मग जरा उदास झाला, शेवटी मोकळा वाटला. कारण साधे आहे. खाली षड्ज असताना तुम्ही षड्जच गात होता. मी खाली धैवत धरला, तेव्हा त्याच्या हिशेबाने तुमचा तोच सूर कोमल गंधार झाला. मध्यम धरला, तेव्हा पंचम झाला. गात होता तुम्ही, पण काय गात आहात हे खालून ठरत होते.

आपल्या रागसंगीतात हा खेळ चालत नाही. तानपुऱ्यावर षड्ज एकदा लागला की मैफल संपेपर्यंत तो अचल असतो आणि बाकीचे सूर त्याच्याशी आपले नाते सांगतात. पाश्चात्त्य लोकप्रिय संगीतात, आणि त्या वाटेने वाढलेल्या आपल्या चित्रपटगीतात, आधाराचा सूर दर काही मात्रांनी बदलतो. तो बदलणारा माणूस म्हणजे बासवाला. त्याने चुकीचा सूर धरला तर गायिका कितीही सुरेल असो, ती बेसूर वाटू लागते.

आता या वाद्याच्या जन्माकडे वळू. त्याच्या आधी हे काम डबल बास करत असे. माणसाहून उंच, उभ्याने वाजवायचे, व्हायोलिनच्या कुळातले हे वाद्य. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत नाचगाण्याच्या जागी विजेच्या गिटारी आल्या, ड्रमही जोरात वाजू लागले, आणि डबल बास ऐकूच येईना. शिवाय तो गाडीत मावत नसे. त्याला पडदे नसल्यामुळे सुरात वाजवायला वर्षे घालवावी लागत. सिएटलच्या पॉल टुटमार्क यांनी १९३०च्या दशकातच आडवा धरून वाजवायचा, पडद्यांचा विजेवरचा बास केला होता. तो चालला नाही. चालला तो कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावच्या लिओ फेंडर यांचा. फेंडर मूळचे रेडिओ दुरुस्त करणारे. त्यांना स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. १९५१मध्ये त्यांनी चार तारांचा, पडदे असलेला, भरीव लाकडाचा बास बाजारात आणला आणि त्याचे नाव ठेवले 'प्रिसिजन'. पडद्यावर बोट ठेवले की सूर नेमका लागणार, असे ते आश्वासन होते. पाठोपाठ १९५२मध्ये त्याच्यासाठी 'बासमन' अ‍ॅम्प्लिफायर आला आणि १९६०मध्ये 'जॅझ बास'. आज दुकानात गेलात तर भिंतीवर टांगलेल्यातले बहुतेक बास प्रिसिजन आणि जॅझ बास यांचेच वंशज निघतील. लायोनेल हॅम्प्टन यांच्या ताफ्यातल्या मंक माँटगोमरींनी हे वाद्य जॅझमध्ये नेले. त्या काळी कित्येक जण बास गिटार न म्हणता सरळ 'फेंडर बास' म्हणत.

वाद्याची रचना थोडी समजून घेऊ, कारण पुढच्या सगळ्या करामती तिच्यातूनच निघतात. चार तारा ई, ए, डी आणि जी या सुरांना लागतात. गिटारच्या खालच्या चार तारांपेक्षा बरोबर एक सप्तक खाली. सर्वांत खालची तार सेकंदाला सुमारे ४१ वेळा कंप पावते. सूर एक सप्तक खाली न्यायचा तर ओढ तीच ठेवून तार दुप्पट लांब करावी लागते, नाहीतर तेवढ्याच लांबीची तार चौपट जड करावी लागते. फेंडर यांनी मधला मार्ग काढला. गिटारची तार साडेपंचवीस इंच होती, बासची ३४ इंच केली आणि उरलेले काम जाडीवर सोपवले. पण नुसती जाड सळी ताणली तर ती ताठ होते आणि मुख्य सुराबरोबर उमटणारे वरचे बारीक सूर, म्हणजे स्वरांश, बेसूर येतात. म्हणून आत पोलादाची बारीक तार आणि तिच्याभोवती दुसऱ्या तारेचे वेढे, अशी बांधणी असते. तानपुरा बनवणाऱ्यांपुढे हाच प्रश्न होता. त्यांनी जोडीच्या तारा पोलादी ठेवल्या आणि खर्जाची तार जाड, पितळेची घेतली. धातू निराळा, विचार तोच.

तारांची जाडी इंचाच्या हजाराव्या भागात मोजतात. ४५, ६५, ८५, १०५ हा नेहमीचा संच. चारही तारा मिळून दांडीवर पाऊणशे किलोच्या आसपास ओढ देतात. ती सोसायला दांडीच्या पोटात एक पोलादी सळी बसवलेली असते. मुंबईत किंवा कोकणात जूनमध्ये हवा दमट झाली की लाकूड फुगते, दांडी वाकते, मार्चमध्ये नीट लागणारा बास जुलैत पडद्यांवर खरखरू लागतो. तेव्हा ही सळी किंचित फिरवावी लागते. एका वेळी पाव फेऱ्याहून जास्त नाही, आणि आधी कोणा जाणत्याकडून शिकून घेतल्याशिवाय नाही.

वेढ्याची तार गोल असेल तर पृष्ठभाग खडबडीत होतो, आवाज चमकदार येतो आणि सूर बराच वेळ टिकतो. वेढा चपट्या पट्टीचा असेल तर तार काचेसारखी गुळगुळीत लागते, आवाज गोल आणि आखूड येतो. सुरुवातीला सगळे चपट्या वेढ्याच्याच तारा वापरत. 'द हू' या इंग्रज बँडच्या जॉन एंटविसल यांना बास पुढे येऊन बोलायला हवा होता. १९६५च्या 'माय जनरेशन' या गाण्यात त्यांनी गिटारने भरायची जागा बासने भरून दाखवली होती. १९६६मध्ये त्यांनी रोटोसाउंड या कारखान्याबरोबर बसून गोल वेढ्याच्या तारांचा संच जुळवून घेतला, आणि रॉक संगीतातल्या बासचा आवाज तिथून बदलला.

तारेखाली पिकअप असतो: चुंबकावर गुंडाळलेली बारीक तांब्याची तार. वरची पोलादी तार थरथरली की त्या गुंडाळीत वीज निर्माण होते. पिकअप दांडीजवळ असला तर आवाज भरदार, घोडीजवळ असला तर टोकदार आणि नाकातला. या दोन टोकांमध्ये बासवाल्याचे सगळे रंग येतात. बाकी हातावर आहे. तर्जनी आणि मध्यमा आळीपाळीने चालवणे हा सरधोपट मार्ग. कोणी नखीने छेडतो. कोणी अंगठ्याने तारेवर ठोका मारून बोटाने तार उपटतो. याला स्लॅप म्हणतात. ही तऱ्हा लॅरी ग्रॅहम यांची. ते तरुणपणी आईच्या छोट्या ताफ्यात वाजवत. ताफ्यात ड्रमर उरला नाही, तेव्हा त्यांनी अंगठ्याकडून मोठ्या ड्रमचे आणि बोटाकडून छोट्या ड्रमचे काम करून घेतले. पुढे 'स्लाय अँड द फॅमिली स्टोन' या बँडमध्ये हीच अडचणीतली युक्ती फंक संगीताची ओळख झाली.

इथे कोणी विचारेल, एवढा खटाटोप करून जो आवाज काढायचा तो लोकांना ऐकू तरी येतो का? प्रश्न रास्त आहे. आपला कान खालच्या सुरांना मंद असतो. बेल प्रयोगशाळेतल्या फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३मध्ये याचे आलेख काढून दाखवले. मधल्या पट्टीतला आवाज जेवढ्या जोराने ऐकू येतो, तेवढ्याच जोराने खर्ज ऐकू यायचा तर त्याला कितीतरी अधिक ताकद द्यावी लागते. गिटारवाल्याचे पन्नास वॅटमध्ये भागते आणि बासवाला तीनशे मागतो, तो हौसेखातर नाही. १९६९मध्ये अँपेग कंपनीने ३०० वॅटचा एसव्हीटी अ‍ॅम्प्लिफायर काढला. त्याच्या पेटीत दहा इंची आठ स्पीकर असत आणि ती उचलायला दोन माणसे लागत. आता तेवढी ताकद दोन-तीन किलोच्या डब्यात मावते, त्यामुळे आमच्या पिढीच्या पाठी वाचल्या.

पण कानाची दुसरी बाजूही आहे. मोबाइलच्या चिमुकल्या स्पीकरमधून ४१ हर्ट्झचा सूर बाहेर पडूच शकत नाही. तरी त्यावर गाणे ऐकताना बास चालतोय हे कळते. कारण त्या सुराचे वरचे स्वरांश स्पीकरमधून येतात आणि त्यांच्यावरून मेंदू मूळ सूर स्वतःच भरून काढतो. आणखी एक. कॅनडाच्या मॅकमास्टर विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१४मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. श्रोत्यांना उंच आणि खालचा असे दोन सूर एकदम ऐकवले, आणि मधूनच त्यातला एक सेकंदाच्या विसाव्या भागाइतका लवकर वाजवला. खालचा सूर लवकर आला की मेंदूची प्रतिक्रिया अधिक तीव्र उमटली. टिचक्या वाजवणारी बोटेही खालच्या सुरामागेच सरकली. म्हणजे स्वरांच्या बाबतीत आपण वरच्या आवाजाकडे लक्ष देतो, पण लयीच्या बाबतीत खालच्या आवाजावर विसंबतो. डग्गा ऐकत वाढलेल्या आपल्या लोकांना यात नवल वाटू नये. ठेका भरल्यासारखा वाटतो तो डग्ग्याच्या घुमाऱ्याने, आणि खालीच्या जागी डग्गा मिटला की सम जवळ येत असल्याचे अंगाला कळते.

मिटण्याचा उल्लेख आलाच आहे, तर माझ्या वाद्यातली सर्वांत अवघड गोष्ट सांगतो. सूर कुठे सुरू करायचा हे चार-सहा महिन्यांत येते. कुठे संपवायचा हे यायला फार काळ जातो. ऐका.

(वक्त्यांनी एकच चार सुरांची ओळ दोनदा वाजवली, पहिल्यांदा सूर एकमेकांना जोडून, दुसऱ्यांदा प्रत्येक सूर अर्ध्यावर तोडून.)

सूर तेच, लय तीच. पहिल्यांदा ती ओळ वाहत होती, दुसऱ्यांदा ती नाचू लागली. फरक डाव्या हाताने केला. बोट किंचित उचलले की तार मुकी होते. नवशिक्याला वाटते की जास्त सूर म्हणजे जास्त कौशल्य. मंचावर दोन-चार वर्षे काढली की कळते, गायक श्वास घेतो तिथे आपण गप्प बसलो तर त्याचा पुढचा शब्द उठून येतो.

हे सगळे निर्णय एका माणसाने कसे घेतले ते पाहू. जेम्स जेमरसन. जन्म १९३६, दक्षिण कॅरोलिनातले एडिस्टो बेट. पुढे आईबरोबर डेट्रॉइटला आले आणि शाळेत डबल बास शिकले. १९५९पासून ते मोटाउन या ध्वनिमुद्रण कंपनीच्या घरच्या वादकवृंदात वाजवू लागले. एका साध्या घरातल्या स्टुडिओत, ज्याला वादक 'सापांचे बीळ' म्हणत, त्यांनी सुप्रीम्स, टेम्प्टेशन्स, फोर टॉप्स, स्टीवी वंडर, मार्व्हिन गे अशा सगळ्यांच्या गाण्यांना बास दिला. त्यांचे वाद्य १९६२चा प्रिसिजन. तारा चपट्या वेढ्याच्या, जाड, आणि एकदा बसवल्या की तुटेपर्यंत न बदललेल्या. घोडीजवळ तारांखाली स्पंजचा तुकडा, म्हणजे सूर लांबणार नाही. आणि उजव्या हाताची एकटी तर्जनी, जिला सहकारी 'आकडा' म्हणत. डबल बासची ती सवय त्यांनी शेवटपर्यंत सोडली नाही.

एवढ्या मोजक्या सामग्रीवर त्यांनी काय केले? त्यांच्या आधी बासची ओळ बहुतेक करून मूळ सूर आणि पंचम यांच्यामध्ये येरझाऱ्या घालत असे. जेमरसन यांनी ठरलेल्या दोन सुरांमधले कोमल-तीव्र सूर वाटेत घेतले, ठोका पडण्याआधी किंवा पडून गेल्यावर पाऊल टाकले, आणि मोकळ्या तारेचा उपयोग हात वरून खाली आणण्यापुरता करून घेतला. १९६७चे 'बर्नाडेट' किंवा त्याच वर्षीचे 'एन्ट नो माउंटन हाय इनफ' ऐका. गायक जे गातात त्याच्या खाली एक दुसरे, पूर्ण घडवलेले गाणे चालू आहे, आणि ते वरच्या गाण्याच्या अंगावर कुठेही येत नाही. माझ्या मते साथीची व्याख्या करायला एवढे पुरेसे आहे.

आता श्रेयाचे बघा. मोटाउनच्या तबकड्यांवर या वादकांची नावे छापत नसत. मार्व्हिन गे यांच्या १९७१च्या 'व्हॉट्स गोइंग ऑन' या तबकडीवर ती पहिल्यांदा आली, म्हणजे जेमरसन तिथे बारा वर्षे वाजवत होते त्यानंतर. १९७२मध्ये कंपनी लॉस एंजेलिसला गेली. तेही मागोमाग गेले, पण तिथे त्यांचा जम बसला नाही, दारूने घेरले. १९८३च्या ऑगस्टमध्ये, ४७व्या वर्षी ते वारले. त्याच वर्षी कंपनीच्या पंचवीस वर्षांचा मोठा सोहळा झाला होता. त्याला ते तिकीट काढून प्रेक्षकांत बसले होते, असे त्यांच्या चरित्रकाराने लिहिले आहे. चरित्र १९८९मध्ये निघाले. माहितीपट २००२मध्ये. रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमने त्यांना २०००मध्ये घेतले.

जेमरसन यांच्याच काळात लॉस एंजेलिसमध्ये कॅरोल के हे नाव होते. वादक सोडून कोणाला माहीत नव्हते. मूळच्या जॅझ गिटारवादक. १९६३मध्ये एका ध्वनिमुद्रणाला बासवाला आला नाही, म्हणून त्यांनी बास उचलला. मुले सांभाळून, एका दिवसात तीन-तीन ध्वनिमुद्रणे करत त्यांनी कित्येक हजार गाणी वाजवली. बीच बॉइजच्या १९६६च्या 'पेट साउंड्स' या तबकडीवर त्यांचा बास आहे. त्या कडक नखीने वाजवत आणि तारांवर कापडाचा दाब ठेवत. त्यामुळे त्यांचा सूर थेंब पडल्यासारखा सुटा येतो. पुढे त्यांनी बास शिकवणारी पुस्तके लिहिली. घराघरात शिकणाऱ्या एका पिढीला ती पुरली.

पॉल मॅकार्टनी यांची गोष्ट उलटी. नाव प्रचंड, पण बासवादक म्हणून त्यांची गणना उशिरा झाली. १९६१मध्ये हॅम्बुर्गला बीटल्सचा बासवादक बाहेर पडला आणि कोणीतरी बास घ्यायलाच हवा म्हणून तो त्यांच्या गळ्यात पडला. ते डावखुरे. हॉफनर कंपनीचा व्हायोलिनच्या आकाराचा बास दोन्ही बाजूंनी सारखा असल्यामुळे उलटा धरला तरी विचित्र दिसत नव्हता, आणि तीसेक पौंडांत मिळत होता. तोच बास १९७२मध्ये लंडनमध्ये चोरीला गेला आणि पन्नास वर्षांनी सापडला. २०२४मध्ये ही बातमी जगभर छापून आली. पण मला महत्त्वाचे वाटते ते निराळेच. इंग्लंडच्या ध्वनिमुद्रकांना धाक असे की बास मोठा ठेवला तर तबकडीवरची सुई उडेल. १९६६मध्ये बीटल्सच्या 'पेपरबॅक रायटर'च्या वेळी जेफ एमरिक या तरुण ध्वनिमुद्रकाने बाससमोर मायक्रोफोनऐवजी एक लाउडस्पीकरच उलटा जोडला, आणि तो बास तोपर्यंतच्या त्यांच्या सगळ्या गाण्यांपेक्षा पुढे आला. त्यानंतर मॅकार्टनी कित्येकदा बाकीचे गाणे पुरे झाल्यावर, रात्री शेवटी बास भरू लागले. म्हणजे गाणे काय बोलते ते आधी ऐकायचे, मग खाली काय ठेवायचे ते ठरवायचे. १९६९च्या 'समथिंग'मध्ये त्या सवयीचे फळ ऐकू येते.

आणि जाको पास्टोरियस. १९५१चा जन्म, म्हणजे प्रिसिजनच्याच वयाचा हा माणूस. फ्लोरिडात वाढलेल्या जाको यांनी १९६२च्या जॅझ बासचे पडदे काढून टाकले, खाचा भरल्या आणि दांडीवर होड्यांना लावतात तो इपॉक्सीचा कडक थर चढवला. फेंडर यांनी ज्या पडद्यांच्या जोरावर वाद्य विकले तेच पडदे गेले, आणि बासला मींड आली. सतार-सरोद ऐकणाऱ्याला या सुराची ओढ चटकन ओळखू येते. १९७६मध्ये त्यांच्या नावाची तबकडी आली, त्याच वर्षी जोनी मिचेल यांच्या 'हेजिरा'त त्यांनी गाण्याला समांतर असा दुसरा गळा दिला, आणि १९७७मध्ये वेदर रिपोर्ट या बँडच्या 'हेवी वेदर'मधून ते जगभर पोचले. पुढे मानसिक आजार आणि व्यसनाने त्यांना रस्त्यावर आणले. १९८७मध्ये एका क्लबबाहेर झालेल्या मारहाणीनंतर, ३५व्या वर्षी ते गेले. त्यांच्या वेगाची नक्कल करणारे पुष्कळ झाले. त्यांच्यासारखा लांब सूर धरून ठेवणारे मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतके.

आता मुंबईकडे येऊ. हिंदी आणि मराठी चित्रपटांच्या वादकवृंदात पाश्चात्त्य वाद्ये वाजवणाऱ्यांत गोवेकरांचा भरणा मोठा होता. गोव्यातल्या चर्चच्या शाळांत मुलांना लहानपणीच स्वरलिपी वाचायला शिकवत. त्यामुळे ताडदेवच्या फिल्म सेंटरमध्ये किंवा महालक्ष्मीच्या फेमस स्टुडिओत समोर आलेला कागद ते पहिल्याच फटक्यात वाजवत. सेबास्टियन डिसूझा, अँथनी गोन्साल्विस, चिक चॉकलेट, फ्रँक फर्नांड ही संगीत संयोजकांची आणि वादकांची नावे आता अभ्यासकांमुळे लोकांना कळली आहेत. राहुलदेव बर्मन यांच्या ताफ्यात बास वाजवणारे टोनी वाझ यांचे नाव आज या सभागृहात किती जणांना माहीत आहे? त्यांच्या ओळी मात्र तुम्हा सगळ्यांच्या कानात आहेत. पडद्यावर नाव येई ते संगीतकाराचे, फार तर सहायकांचे. तबकडीच्या वेष्टनावरही तीच रीत. डेट्रॉइट आणि ताडदेव यांच्यात या बाबतीत काही अंतर नव्हते.

याच चित्रपटांच्या ताफ्यांत गिटार, बास आणि इलेक्ट्रॉनिक वाद्ये वाजवणारे चरणजित सिंग यांची गंमत सांगायलाच हवी. जपानच्या रोलँड कंपनीने बासवादकाची जागा घेईल म्हणून टीबी-३०३ नावाचे यंत्र काढले. ते बासवादकासारखे वाजले नाही आणि १९८४मध्ये बंद पडले. पण १९८२मध्येच मुंबईत चरणजित सिंग यांनी त्या यंत्रावर यमन, मालकंस असे दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर बसवून तबकडी काढली. ती तेव्हा फार कोणी घेतली नाही. पुढे शिकागोच्या तरुणांनी त्याच यंत्रातून अ‍ॅसिड हाउस नावाचे नृत्यसंगीत घडवले, आणि २०१०मध्ये सिंग यांची तबकडी पुन्हा निघाल्यावर जग चकित झाले. ते २०१५मध्ये गेले. उतारवयात का होईना, त्यांनी परदेशांतल्या मंचांवर टाळ्या ऐकल्या.

नव्वदच्या दशकात की-बोर्डवरचा बास स्वस्त आणि सोयीचा झाला आणि मुंबईतल्या पुष्कळ वादकांचे काम गेले. तरी परंपरा तुटली नाही. ए. आर. रहमान यांनी कॅसेटच्या वेष्टनावर वादकांची नावे छापली. त्यांच्या गाण्यांतला बास वाजवणारे कीथ पीटर्स हे नाव त्यामुळेच लोकांनी वाचले. मुंबईत वाढलेली मोहिनी डे हिला वडिलांनी, जे स्वतः बासवादक, अगदी लहान वयात हे वाद्य हाती दिले. आज ती जगातल्या मोठ्या मंचांवर पुढे उभी राहून वाजवते, आणि तिच्या हातात आपल्या तालांचे बोल स्पष्ट ऐकू येतात.

समोर काही विद्यार्थी आहेत, त्यांच्यासाठी दोन शब्द. महागड्या बासच्या मागे लागू नका. दांडी सरळ असलेला, पडदे न झिजलेला साधा चार तारांचा बास पुरतो. हात लहान असेल तर ३० इंची तारेचा घ्या. पावसाळ्यात वाजवून झाले की तारा कोरड्या फडक्याने पुसा, घामाने आणि दमट हवेने त्या लवकर मरतात. मेट्रोनोम लावून रोज एकच सूर वाजवा, आणि तो कुठे संपतो याकडे लक्ष द्या. जेमरसन, कॅरोल के आणि टोनी वाझ ऐका, मग जाको. उलट्या क्रमाने गेलात तर बोटे धावतील आणि साथ येणार नाही.

आणि श्रोत्यांसाठी एक विनंती. आज घरी गेल्यावर तुमच्या आवडीचे कोणतेही गाणे लावा आणि गायकाकडे लक्ष न देता फक्त खालची ओळ ऐका. पहिल्यांदा ती हाती लागणार नाही. तिसऱ्यांदा लागेल. ती ओळ काढून टाकली तर ते गाणे तुमचे आवडते राहील का, हे स्वतःला विचारा.

संयोजकांकडे माझे मागणे छोटे आहे. आपल्या संगीत सभांच्या पत्रिकेवर मुख्य कलाकाराचे नाव मोठ्या टायपात असते. तबला आणि पेटीची नावे खाली बारीक, तानपुऱ्यावर बसणाऱ्यांची मुळीच नाहीत. वाद्यवृंदाच्या कार्यक्रमात तर 'आणि सहकारी' एवढ्यावर भागते. ज्यांच्या नावाने आपण इथे जमलो त्यांनी आयुष्यभर साथ केली. तेव्हा पुढच्या कार्यक्रमापासून मंचावर बसणाऱ्या प्रत्येकाचे नाव, तो काय वाजवतो यासह, पत्रिकेत छापावे. त्याला जास्तीचा खर्च फक्त चार ओळींचा आहे.